इंटरकूलरला दोष देण्याआधी पंपाचं सील पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जीपगाड्यांमधल्या बेकायदा बदलांवर आपल्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. फटाके फोडणारे सायलेन्सर, समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे, मडगार्डच्या बाहेर हातभर आलेले टायर यांच्याविरुद्ध त्यात जे म्हटलं आहे, त्याच्याशी माझा काहीच वाद नाही. आमच्या घाटात दर शनिवार-रविवारी हा त्रास आम्ही सोसतो. पण त्याच यादीत, त्याच ओळीत, ‘इंटरकूलर’ (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) हा शब्द आला आहे आणि ‘इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी बसवलं जाणारं यंत्र’ असं त्याचं वर्णन केलं आहे. हे वाचून मला गप्प बसवलं नाही. पत्र लांबलं तर क्षमा करावी, पण हा विषय चार ओळींत सांगितला तर पुन्हा अर्धवटच कळेल.

मी एसटीत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. सुरुवात दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, पुढे वेगवेगळ्या आगारांत, आणि शेवटची नऊ वर्षं पंप-नोझलच्या कामावर, म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून देणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोझल यांच्या दुरुस्तीवर. निवृत्त झाल्यावर भोर तालुक्यात, नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेला असलेल्या आमच्या वाडीत परत आलो. भाताची शेती आहे. वाडीपासून डांबरी रस्ता सव्वादोन किलोमीटर. त्या सव्वादोन किलोमीटरांत दोन ओढे आणि लाल मातीचा एक चढ, जो आषाढात चार चाकांची ताकद असल्याशिवाय चढता येत नाही. म्हणून माझ्याकडे २०११ ची महिंद्राची थार आहे, साध्या यांत्रिक पंपाच्या डीआय इंजिनाची. हौस म्हणून नव्हे. तांदळाची पोती, खताच्या गोण्या, कोणी आजारी पडलं तर माणूस, सगळं तीच नेते.

हे इंजिन २५२३ सीसीचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६, म्हणजे सरळ साडेतीन इंच आणि चार इंच. ताकद ६३ अश्वशक्ती, आजच्या हिशेबात किरकोळ. पण खालच्या आरपीएमला ते ट्रॅक्टरसारखं ओढतं. त्याला टर्बो (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) आहे, इंटरकूलर नाही. त्याच वर्षी मिळणाऱ्या महागड्या सीआरडीई (संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) थारला १०५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. आम्हाला परवडली ती डीआय.

आता आधी वाईट गोष्ट सांगतो, कारण आमच्या भागात इंटरकूलरचं नाव जे खराब झालं ते त्या प्रकारामुळेच.

माझ्या चुलतभावाच्या मुलाकडे अशीच गाडी आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने एका गॅरेजमध्ये तिला इंटरकूलर बसवून घेतला. गॅरेजवाल्याने कुठल्याशा मोठ्या गाडीचा जाडजूड इंटरकूलर आणला, इंजिनाच्या डोक्यावर बॉनेटखाली आडवा बसवला, आणि ‘आता हवा भरपूर आहे, तर डिझेलही भरपूर देऊ’ म्हणून पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू आत फिरवला. गाडी पळायला लागली. पोरगा खूश. चढाला मागे काळ्या धुराचा पडदा पडायचा, त्याचंही त्याला कौतुक वाटायचं. मी सांगून पाहिलं, “अरे, तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल आहे, आणि जे जळतंय ते सायलेन्सरच्या तोंडाशी जळतंय.” तो म्हणाला, “आप्पा, तुमचा एसटीचा जमाना वेगळा होता.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्याआधी, सहा माणसं आणि सामान घेऊन तो महाडहून वरंधा घाट चढत होता. निम्म्या चढावर गाडीने ठोका धरला, मग पांढरा धूर, मग बंद. इंजिन उघडलं तेव्हा मी तिथे होतो. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनच्या डोक्यावर जी वाटी असते, तिची कड एका बाजूने वितळून गेली होती. ॲल्युमिनियमचे मणी लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेले. ७२ हजार रुपये खर्च आला. आणि वाडीत, बाजारात, चहाच्या टपरीवर गोष्ट काय पसरली, तर ‘इंटरकूलरने इंजिन खाल्लं’.

इंजिन इंटरकूलरने खाल्लं नाही, पंपाच्या स्क्रूने खाल्लं. आणि तो इंटरकूलर तर काम करतच नव्हता. आपल्या लेखातली चूक आणि टपरीवरची चूक एकच आहे, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतो आहे.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाची नळी बुडाशी हाताला चटका देते, हे सगळ्यांना माहीत आहे. टर्बोतही तेच होतं. माझ्या गाडीत टर्बो चढाला साधारण ०.७ बार दाब देतो. बाहेर ३५ अंशांची हवा असेल, तर टर्बोतून निघताना ती ११० अंशांच्या आसपास पोहोचते. गरम हवा विरळ असते. दाब आहे, पण प्राणवायू त्या मानाने कमी. इंटरकूलर म्हणजे टर्बो आणि इंजिन यांच्या मधला हवेचा रेडिएटर, एवढंच. हवा आतून जाते, बाहेरच्या वाऱ्याने थंड होते, आणि त्याच दाबाला जास्त वजनाची हवा सिलिंडरमध्ये शिरते.

आता महत्त्वाचा मुद्दा. डिझेल इंजिनाची ताकद डिझेलवर ठरते, आणि माझ्यासारख्या जुन्या इंजिनात डिझेल किती द्यायचं हे यांत्रिक पंप ठरवतो. कंपनीने तो बांधून, सील करून दिलेला असतो. पंपाला हात लावला नाही तर इंटरकूलर बसवल्यावरही डिझेल तेवढंच पडतं. फक्त ते जाळायला हवा जास्त मिळते. म्हणजे धूर कमी, जळण पूर्ण, आणि एक्झॉस्टचं, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचं, तापमान खाली. ताकद वाढलेली जाणवते ती अगदी थोडी. ज्याला कोणाला इंटरकूलरने गाडी ‘उडायला’ लागल्याचा अनुभव आला असेल, त्याने पंपाचं सील शाबूत आहे का ते पाहावं. हेच तंत्र आम्ही एसटीत आणि ट्रकवर डोळ्यांदेखत येताना पाहिलं. आधी साधी इंजिनं, मग टर्बो, मग ट्रकच्या दर्शनी भागावर ‘टीसीआयसी’ अशी अक्षरं आली. त्यातलं ‘टीसी’ म्हणजे टर्बो आणि ‘आयसी’ म्हणजे इंटरकूलरच. धुराचे नियम कडक होत गेले, त्या नियमांत बसण्यासाठी कारखान्यांनीच तो आणला. ज्या वस्तूने ट्रकचा धूर कमी केला, ती जीपला लागली की गुन्हा कशी होते?

पुतण्याचं इंजिन बांधून झाल्यावर मी ठरवलं की हे काम रीतसर करून, मोजून, लिहून ठेवायचं. स्वतःच्या गाडीवर.

पहिलं काम इंटरकूलरचं नव्हतं, पंप-नोझलचं होतं. चारही नोझल काढून तपासून घेतले. दोन टपकत होते. पंप चाचणीच्या बेंचवर चढवून मूळ मापाला आणला आणि नवं सील मारून घेतलं. त्याचा कागद माझ्याकडे आहे. मग मोजमापाची दोन यंत्रं बसवली, टर्बोचा दाब (बूस्ट) दाखवणारं बूस्ट गेज आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर. पायरोमीटरची काडी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीत) टर्बोच्या आधी बसवावी लागते. ज्यांना हे करायचं असेल त्यांना कळकळीने सांगतो, भोक पाडण्याआधी टर्बो उतरवा. बिडाचा एक बारीक कण जरी टर्बोच्या पात्यात गेला तरी पातं गेलं. ‘इंजिन चालू ठेवून भोक पाडलं की कण बाहेर उडतो’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

मग महिनाभर काहीच न बदलता नुसत्या नोंदी केल्या. धरणाच्या भिंतीपासून घाटमाथ्याकडे जाताना एक लांब चढ आहे. दर वेळी तोच चढ, ५० किलोची सहा पोती मागे, तिसरा गिअर, ३५ चा वेग, दुपारी दोन ते तीनच्या मध्ये. मी चालवायचो आणि आमच्या सौ. वही घेऊन शेजारी बसून आकडे लिहायच्या, कारण घाटात चालकाची नजर रस्त्यावरून हलता कामा नये. वहीतले आकडे त्यांच्या हस्ताक्षरात आहेत. टर्बोनंतरची हवा १०८ अंश. एक्झॉस्ट ७१५ अंश. पाणी ९०. ॲल्युमिनियमचे पिस्टन असलेल्या अशा इंजिनात एक्झॉस्ट ७०० च्या वर बराच वेळ राहू नये, असं माझं मत आहे. म्हणजे मूळ स्थितीतली, पंपाला हात न लावलेली गाडीसुद्धा भरल्या वजनाने उन्हाळ्यात चढली की काठावर होती.

इंटरकूलर पुण्यात जुन्या मालाच्या दुकानातून ३,५०० रुपयांना घेतला. नवा घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण जुना कारखान्यात बनलेला माल बाजारातल्या स्वस्त नव्या मालापेक्षा चांगला, हा माझा अनुभव. मात्र जुन्याचा धोका मोठा आहे आणि तो कोणी सांगत नाही. ज्या गाडीतून तो निघाला तिचा टर्बो फुटला असेल, तर पात्यांचे तुकडे त्या जाळीत अडकून बसलेले असतात. तुम्ही तो आपल्या गाडीला लावता, पहिल्या दाबाला ते तुकडे सुटतात आणि थेट सिलिंडरमध्ये. मी तो दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवला, उलटा-सुलटा हलवून धुतला, धुतलेलं डिझेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. पहिल्या गाळणीत काळं चिकट ऑइल आणि चकाकणारे तीन कण निघाले. पाचव्या गाळणीला फडकं स्वच्छ राहिलं. त्यानंतर गरम पाणी आणि साबण, मग कॉम्प्रेसरची हवा, मग तीन दिवस उन्हात. आत ऑइल किंवा डिझेल शिल्लक राहिलं, तर इंजिन तेच ओढून स्वतःच्या मर्जीने पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. एसटीत असताना असं पळालेलं इंजिन मी एकदा पाहिलं आहे. एअर फिल्टरच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली तेव्हा ते थांबलं.

गळती तपासायला दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका बुचात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, दीड बार हवा भरून तो भाताच्या खाचरातल्या पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही. अर्धा तास दाब उतरला नाही.

पहिल्यांदा मीही तो वरच, बॉनेटखाली बसवला. नळ्या आखूड लागतात, काम सोपं. निकाल वाईट आला. मोकळ्या रस्त्यावर थोडा फरक, पण चढाला आत जाणारी हवा ९२ अंश. १०८ वरून फक्त ९२. आणि ओढ्यापाशी दहा मिनिटं गाडी उभी करून पुन्हा निघालो, तर इंजिनाच्या उष्णतेने इंटरकूलरच तापून बसलेला. त्यातून गेलेली हवा थंड व्हायच्या ऐवजी आणखी तापून निघत होती. जी गाडी रानात चालते तिचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असतो. त्या वेगाला समोरून वारा येतच नाही, मग बॉनेटवर कितीही मोठं तोंड कापा. पुतण्याच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

म्हणून दुसऱ्यांदा तो जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढे, खालच्या डाव्या बाजूला आणला. तिथे गाडी उभी असली तरी इंजिनाचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो, आणि ती हवा आधी इंटरकूलरमधून येते. रानातल्या गाडीला ही एकच जागा योग्य, असं मी छातीठोकपणे सांगतो. याची किंमतही आहे. रेडिएटरच्या तोंडावर तुम्ही आधीच गरम झालेली हवा सोडता, त्यामुळे पाणी तापतं. त्याच चढाला माझं पाणी ९० वरून ९९ वर गेलं. मला ते मान्य नव्हतं. दोघांच्या मध्ये तीन बोटांची फट ठेवली, रेडिएटरच्या कडेने हवा निसटत होती तिथे पत्रा आणि फोमच्या पट्ट्या लावून बंद केलं, आणि पंख्याभोवती पत्र्याचं गोल कवच करून घेतलं, म्हणजे पंखा जाळीतूनच ओढेल, आजूबाजूची हवा घुसळत बसणार नाही. पाणी ९३ वर आलं. त्यावर मी समाधान मानलं.

नळ्या दोन इंची ॲल्युमिनियमच्या, आर्गन वेल्डिंगने जोडलेल्या. जोडाला रेडिएटरचा साधा रबरी होज वापरू नका. टर्बोमागून थोडी ऑइलची वाफ येतेच, ऑइलने ते रबर फुगतं आणि ऐन चढाला निसटतं. सिलिकॉनचा घ्या, महाग पडला तरी. आणि नळीच्या टोकाला लेथवाल्याकडून गोल उंचवटा काढून घ्या, नुसत्या गुळगुळीत नळीवर क्लॅम्प धरत नाही. सगळा खर्च, पायरोमीटर धरून, सोळा हजारांच्या आत झाला. पंप-नोझलचा वेगळा.

आता त्याच चढाचे आकडे. आत जाणारी हवा १०८ ऐवजी ६१ अंश. बूस्ट ०.७ वरून ०.६५, कारण जाळीतून जाताना थोडा दाब खर्च होतोच. हिशेब केला तर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचं वजन सुमारे ११ टक्क्यांनी वाढलं. एक्झॉस्ट ७१५ वरून ६४५. सत्तर अंशांचा फरक. मागच्या गाडीवाल्याला विचारलं, तर धूर दिसत नाही म्हणाला. डिझेलची सरासरी मात्र जवळपास होती तेवढीच राहिली. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर वाढतात असं जे सांगितलं जातं ते मला तरी मिळालं नाही, आणि पंपाला हात न लावता कोणाला मिळेल असं वाटत नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जो प्रश्न विचारायचा आहे तो खरेपणावर उभा आहे. त्याच खरेपणाने पीयूसीबद्दलही सांगतो. माझी गाडी बीएस-३ (धुराच्या नियमांच्या जुन्या टप्प्यातली), दर सहा महिन्यांनी पीयूसी करावी लागते. अशा डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक). नोझल दुरुस्त करण्याआधी माझं रीडिंग ५८ होतं. पंप-नोझल केल्यावर ४६. इंटरकूलर बसवल्यावर ४४. म्हणजे या चाचणीत इंटरकूलरचा फरक जवळजवळ नाही! कारण उघड आहे. पीयूसीत गाडी उभी असते, गिअर नसतो, ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडतात. टर्बोला दाब बनवायला वेळच मिळत नाही. तिथे पंप आणि नोझल यांचीच परीक्षा होते. इंटरकूलर कामाला येतो तो वजन घेऊन चढताना, आणि नेमका तेव्हाचा धूर कोणी मोजत नाही.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण संबंधित कलमं वाचली आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलून कडक झालं. परवानगी नसलेला बदल केला, नवे भाग बसवले, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा कायदा आवश्यक आहे. चेसिस कापून लांब केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यांतली माणसं कशी मेली तेही पाहिलं आहे.

पण इंटरकूलरने नोंदणीपत्रातली कोणती ओळ बदलते? इंजिन नंबर तोच, चेसिस नंबर तोच, सीसी तेच, इंधन तेच, आसनं तेवढीच. तरी तो ‘बसवलेला भाग’ आहे हे खरं. मग तो चालतो की चालत नाही? हा प्रश्न घेऊन मी एका परिवहन कार्यालयात तीन वेळा गेलो. सगळे सभ्यपणे बोलले. पहिल्यांदा सांगितलं, “काका, एवढ्या बारीक गोष्टीला कोण विचारतं, बसवा.” दुसऱ्यांदा, दुसऱ्या खिडकीवर, “कुठलाही बदल बेकायदा आहे, काढून टाका.” तिसऱ्यांदा माझा लेखी अर्ज घेतला, पोच दिली. उत्तर अजून आलेलं नाही. त्या माणसांना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात उत्तर नाहीच. ज्या गोष्टीचं उत्तर दोन खिडक्यांवर दोन प्रकारचं मिळतं, तिथे प्रामाणिक माणूस अर्ज करतो आणि अडकतो, आणि दुसरा स्क्रू फिरवून निघून जातो.

मार्ग काढता येत नाही असंही नाही. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवायचं तर त्याला मार्ग आहे. मंजूर किट, मंजूर जागा, तपासणी, आणि नोंदणीपत्रात नोंद. जुन्या गाडीला विजेची मोटर बसवण्यालाही मार्ग काढलेला आहे. ज्वालाग्राही वायूची टाकी डिकीत बसवायला शासन परवानगी देऊ शकतं, तर हवा थंड करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाळीला का नाही? गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. वजन टाकून धूर मोजायची साधनं असलेली माणसं आपल्या राज्यात आहेत.

म्हणून परिवहन विभागाकडे, आपल्या वृत्तपत्रामार्फत, माझी एकच मागणी आहे. कारखान्यातून टर्बोसह पण इंटरकूलरशिवाय आलेल्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी इंटरकूलरला मंजुरीचा लेखी मार्ग द्यावा, आणि त्यातली मुख्य अट पंपाची असावी. पंप मूळ मापाला असल्याचं अधिकृत पंप-दुरुस्तीवाल्याचं प्रमाणपत्र आणि पंपावर क्रमांक असलेलं सील. सील शाबूत तर इंटरकूलर मंजूर. सील तुटलेलं, तर गाडीला इंटरकूलर असो वा नसो, दंड करा, खुशाल करा. आज रस्त्यावर कोणी बॉनेट उघडून पंपाचं सील पाहत नाही. इंटरकूलर मात्र जाळीतून चकाकतो, म्हणून तोच पकडला जातो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, जुनी गाडी मोडीत काढा आणि नवी घ्या. आमच्या वाडीत चौदा घरं आहेत. चार चाकांच्या ताकदीच्या जुन्या जीप तीन. नव्या गाडीला बारा-पंधरा लाख लागतात, आणि एक एकर इंद्रायणीच्या भातातून काय उरतं ते भोर-वेल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. या तीन गाड्या आणखी दहा वर्षं चालणार आहेत, कोणाला आवडो वा न आवडो. त्या काळा धूर सोडत चालाव्यात की स्वच्छ चालाव्यात, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. गेल्या श्रावणात रात्री साडेअकराला बाळंतपणासाठी एका लेकीला त्या लाल चढावरून नेलं, तेव्हा मागच्या बाकावर तिची आई होती, आणि माझी नजर रस्त्यावरून पायरोमीटरकडे आणि पुन्हा रस्त्याकडे जात होती. काटा ५८० च्या वर गेला नाही. त्या रात्री मला त्या सोळा हजारांचं मोल कळलं.

आपल्या वार्ताहराला सवड असेल तर त्यांनी वाडीवर यावं. वही, पंपाचा कागद, अर्जाची पोच, सगळं दाखवीन. त्याच चढावर, त्याच पोत्यांसह गाडी चालवून दाखवीन, आकडे त्यांनी स्वतः लिहावेत. पुतण्याचा वितळलेला पिस्टनही मी जपून ठेवला आहे, त्याचा फोटो छापावा.

नोव्हेंबर २०२६ मध्ये माझ्या जीपच्या नोंदणीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. पुनर्नोंदणीच्या तपासणीला मी इंटरकूलर उतरवून, लपवून जाणार नाही. आहे तशी गाडी नेऊन बॉनेट उघडणार आहे. माझ्या अर्जाचं उत्तर त्याआधी मिळावं, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
ता. भोर, जि. पुणे